सहा नंबर बोलतेय

फोन खाली ठेवा जरा. बघितले मी फोटो. छान आहे तुमचं ते लॉज. तळं आहे, दाट झाडी आहे, बिछान्यात पडल्या पडल्या पाणी दिसतं म्हणे. जा, जरूर जा. मी कशाला मोडता घालू? तुमची काकू तिकडून डोळे वटारतेय, तेही दिसतंय मला. पण मघाशी तुम्हीच विचारलंत ना, मास्तरमामांना 'तुम्हीही चला' म्हटलं तर ते ताटावरून उठून का गेले म्हणून? ते सांगतो. एकदाच सांगेन, मधे बोलायचं नाही.

मी स्वतः काही पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मेव्हणा. त्याने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघंच होतो, आणि बोलताना तो एकदाही हसला नाही. तो माणूस हसल्याशिवाय पाणी मागत नाही, तुम्हाला माहीत आहे. शेवटी एवढंच म्हणाला, "भावोजी, दिवसा नका सांगू हे कुणाला. दिवसा लोक हसतात."

तर मास्तरचा धंदा पडद्यांचा. गळ्यात कायम टेप, म्हणून मास्तर. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाखालून टेपचं टोक दिसतं त्याचं. भित्रा म्हणाल तर अजिबात नाही. एकदा इस्पितळाच्या शवागारात पडदे लावून आला आणि तिथून थेट आमच्याकडे जेवायला. तुमच्या काकूने त्याला तीनदा हात धुवायला लावले. हा आपला हसतोय, "ताई, ते लोक फार सभ्य असतात गं, मापं घेताना मधे मधे करत नाहीत."

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरची बावीस तारीख, मंगळवार. जंगलातल्या एका लॉजचं काम आलं होतं. तळ्याच्या काठाने ओळीने आठ घरं, एकेक सुटं, मधे पंचवीस-तीस पावलांचं अंतर. एक नोव्हेंबरला हंगाम सुरू होणार, त्याआधी सगळे पडदे बदलायचे होते. ओलीने जुने कुजले होते आणि उरलेले माकडांनी ओढून फाडले होते. मास्तरने माणूस पाठवला असता तर काम झालं असतं. पण त्याचं म्हणणं, दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी कात्री चालवत नाही. म्हणून स्वतः गेला. लॉजची जीप सकाळी जंगलाच्या फाटकाशी घ्यायला आली, जंगलातून तीन तास धक्के खात पोचला.

लॉजवर एकटा मॅनेजर. पन्नाशीचा, बारीक, शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेला माणूस. बाकीचे नोकर अजून यायचे होते. जीपवाला मास्तरला सोडून सामान आणायला परत गेला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मास्तरने आपल्या संथ पद्धतीने एकेक घर घेतलं. शिडी लावायची, जुना पडदा उतरवायचा, माप घ्यायचं, वहीत लिहायचं, पुन्हा घ्यायचं. आठही घरं झाली. सहा नंबरही झालं. हे मुद्दाम सांगतोय. सहा नंबर बंद नव्हतं, कुलूप नव्हतं, कुणी जाऊ नका म्हणालं नव्हतं. दुपारच्या उन्हात दार सताड उघडं. आत एक पलंग, त्यावर गादीसुद्धा नाही, लाकडी फळ्या नुसत्या. गाद्या सगळ्या उन्हात टाकल्या होत्या. मास्तर त्या फळ्यांवर बसून डबा जेवला. तळ्याचं सगळ्यात सुंदर दृश्य त्याच खोलीतून, असं मला म्हणाला.

काम संपेपर्यंत दिवस मावळला. जंगलाचं फाटक सहाला बंद होतं, त्यानंतर गाडी आत येत नाही की बाहेर जात नाही. रात्री तिथेच राहायचं हे ठरलेलंच होतं. मॅनेजरने त्याच्यासाठी चार नंबर झाडून, गादी-उशा घालून ठेवलं होतं. जेवणं झाली. आठ वाजता मॅनेजर बॅटरी घेऊन त्याला खोलीपर्यंत सोडायला आला. चालताना तीनदा थांबून त्याने झाडीत उजेड मारला.

दाराशी म्हणाला, "आता सकाळी मी येईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. हत्ती येतात पाण्याला. आपण त्यांना दिसतो, ते आपल्याला दिसत नाहीत. मागच्या वर्षी आमचा पाण्याचा पंप तुडवून टाकला."

"आणि काही लागलं तर?"

मॅनेजरने खिशातून वॉकीटॉकी काढून टेबलावर ठेवला. तो काळा, ठोकळ्यासारखा, बाजूला बटण असतं बघा, तसा. तिथे फोनला रेंज नाही, म्हणून प्रत्येक खोलीत एक. "नियम आहे, द्यावा लागतो," तो म्हणाला. "बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाने दाबून ठेवलं तर दुसऱ्याचं काही जात नाही. पण लागणार नाही तुम्हाला."

"म्हणजे आज इथे आपण दोघंच?"

"दोघंच," मॅनेजर म्हणाला आणि गेला.

दहाला जनरेटर बंद झाला. खोलीत एक बारीक दिवा उरला, सौरऊर्जेवरचा. मास्तर पडला. पण झोप येईना, कारण खिडक्या उघड्या. पडदे त्याने स्वतःच उतरवले होते की! आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकणारा माणूस, आणि आज चारी बाजूंनी काच, बाहेर काळोख. आपल्याच मूर्खपणावर तो हसला, म्हणाला मला. दिवा विझवला, म्हणजे निदान आपण तरी बाहेरच्याला दिसायला नको. साडेदहाच्या पुढे चंद्र वर आला, तळं पांढरं झालं. मग केव्हातरी डोळा लागला.

रात्री बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी टेबलावर खरखर झाली.

"रिसेप्शन... सहा नंबर बोलतेय."

बाईचा आवाज. साठीच्या आसपासच्या. शांत, नीट शब्द उच्चारणारा आवाज, शाळेत शिकवलेल्या बाईंचा असतो तसा.

"त्रास देतेय, माफ करा हं. यांना श्वास घ्यायला जमत नाहीये. कुणाला तरी पाठवता का?"

मास्तर उठून बसला. झोपेतल्या माणसाला पहिल्यांदा काय वाटेल? पाहुणे आले असतील उशिरा, असंच वाटलं त्याला. मॅनेजर आता उत्तर देईल म्हणून तो वाट बघत राहिला. मॅनेजर बोलला नाही.

"रिसेप्शन? ऐकू येतंय का?"

कुणी नाही.

पाच मिनिटांत चार वेळा त्या बाईंनी विचारलं. दर वेळी तितक्याच शांतपणे. चौथ्यांदा मात्र 'का'वर आवाज किंचित कापला. तेव्हा मास्तरने बटण दाबलं. "मॅनेजरसाहेब, अहो, उठा. सहा नंबरवाल्या बाई केव्हाच्या बोलावताहेत."

खरखर. मग त्याच बाई.

"कोण बोलतंय?"

"मी चार नंबरमधून. पडदेवाला."

"बरं झालं बाई. जागं आहे कुणीतरी." त्यांनी सुस्कारा सोडला. "तुम्ही येता का हो? अंग मोठं आहे यांचं, मला एकटीला उठवून बसवता येत नाहीये."

आणि मास्तर म्हणाला, "येतो."

काय मोठंसं बोलला? काहीच नाही. घरातून निघतानासुद्धा आपण 'येतो' म्हणतो, तोंडातून आपसूक निघणारा शब्द. दुसरं काय म्हणणार माणूस?

बूट घातले, बॅटरी घेतली, कडी काढली. दार हातभर उघडलं तर आधी वास आला. ओल्या गवताचा, गोठ्याचा. मग कुठूनतरी जवळूनच पोटात गुरगुरल्यासारखा आवाज. त्याने बॅटरी लावली. पायऱ्यांच्या समोर, सात-आठ हातांवर एक झाडाचं खोड होतं. संध्याकाळी तिथे झाड नव्हतं, हे लक्षात यायला त्याला वेळ लागला.

खोडाने पाय उचलला.

दार लावून त्याने कडी घातली. तिथेच खाली बसला. मग खिडकीतून पाहिलं. चंद्राच्या उजेडात कळप उभा होता. दहा-बारा असतील. एक पिल्लू. चार नंबर आणि सहा नंबर यांच्या मधल्या वाटेवर, पाच नंबरच्या अंगणात, तळ्याच्या उतारावर, सगळीकडे. पाणी पिऊन झालं होतं. जायची कुणाला घाई नव्हती.

"बाई," तो वॉकीटॉकीत कुजबुजला, "बाहेर हत्ती आहेत हो."

"हो. मलाही दिसताहेत," त्या म्हणाल्या. "जपून या. धावपळ करू नका."

म्हणजे येऊच नका, असं त्या म्हणाल्या नाहीत.

मास्तरने काय काय केलं ऐका. खिडकीच्या फटीतून मॅनेजरच्या नावाने बोंब मारली. एका हत्तिणीने कान हलवले, बाकी काही नाही. न्हाणीतली बादली आणून तिच्यावर बुटाने बडवलं. एक हत्ती आणखी दोन पावलं घराकडे आला, तेव्हा मास्तर थांबला. ऑफिसच्या दिशेने बॅटरी चालू-बंद, चालू-बंद केली. तिकडे दिवा लागला नाही. मॅनेजर मेला की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

आणि दर दोन-तीन मिनिटांनी टेबलावरून, "निघालात का?"

"बाई, त्यांना आडवं ठेवू नका," त्याला आठवलं ते तो सांगू लागला. आमच्या सासऱ्यांना दमा होता, शेवटी शेवटी त्यानेच केलं होतं सगळं. "उशा लावून बसवा. पुढे झुकवा."

थोडा वेळ गेला. "बसवलं. भिंतीला टेकवून बसवलं."

"शर्टाची बटणं सोडा. खिडकी उघडा."

"सोडली. उघडली." मग थांबून, "आता?"

"आता..."

"आता काय करू?"

मास्तरकडे पुढचं काही नव्हतं. औषध नव्हतं, रस्ता नव्हता, कुणाला हाक मारायची तर तो माणूस नव्हता. "आता धीर धरा," म्हणाला शेवटी. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

तिकडे बाईंच्या हातात बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण आता खोलीत श्वास ऐकू येऊ लागला. पुरुषाचा. आत घ्यायला निघालेला आणि अर्ध्यातच अडकणारा. शिट्टीसारखा. तो ऐकता ऐकता मास्तरची नजर खोलीतल्या पलंगावर गेली. गादीवर. उशांवर.

सहा नंबरमध्ये उशा नव्हत्या.

दुपारी तो तिथेच बसून जेवला होता. नुसत्या फळ्या होत्या. संध्याकाळी सहानंतर फाटकातून कुणी आत येऊ शकत नव्हतं. आणि मॅनेजर म्हणाला होता, दोघंच.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही... आज आलात का?"

पण बटण त्यांच्या हाताखाली दाबलेलं. त्याचं बोलणं जातच नव्हतं. नुसता श्वास. पाऊण तास.

मला तो म्हणाला, "भावोजी, तुम्हाला वाटेल मी घाबरलो होतो. तोपर्यंत नव्हतो. त्या खोलीत कुणी नाही हे कळलं, तरी माणूस गुदमरतोय हे ऐकू येत होतं ना. भूत असेल नाहीतर कुणी असेल. श्वास लागलेल्या माणसाला मी कधी असं नुसतं ऐकत बसलो नव्हतो."

तीन वाजायला आले होते. बटण सुटल्याचा आवाज झाला. मग बाई बोलल्या.

"तुम्हाला येता येत नाहीये, कळतंय मला. मग असं करते. आम्हीच येतो तिकडे."

"नको!" मास्तर ओरडला. "बाई, हत्ती आहेत! दार उघडू नका!"

उत्तर नाही. वॉकीटॉकीत कडी सरकल्याचा आवाज आला.

आणि बाहेरूनही आला. पाच नंबरच्या पलीकडून. दार उघडल्याचा.

मास्तर खिडकीशी.

कळपातली मोठी हत्तीण सहा नंबरकडे तोंड करून उभी राहिली. सोंड वर. हुंगत. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं. आणि मग ती... मागे सरली. एक पाऊल. दोन पावलं. वाटेवरून उतरून गवतात गेली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरा. कुणी ओरडलं नाही. कुणी पळालं नाही. जीपचा हॉर्न वाजवूनही न हलणारी जनावरं ती. एकेक करून बाजूला झाली आणि वाट दिली.

चांदण्यात वाट मोकळी पडली होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

वॉकीटॉकीत पावलं. दोन माणसांची. एकाची नेटकी. एकाची फरफटत.

"पायरी आहे हं. सावकाश... हं."

श्वास.

"टेका माझ्यावर. टेका."

श्वास.

"हे पाच नंबर. झालंच आता."

वाटेवर कुणी नाही. मास्तर डोळे फाडून बघतोय. कुणी नाही. दोन्ही बाजूंना हत्ती, माना त्या वाटेकडे वळलेल्या. हळूहळू वळत होत्या त्या माना. कुणीतरी पुढे पुढे चाललं की वळतात तशा. चार नंबरच्या दिशेने.

मग त्याच्या पायऱ्यांची फळी करकरली.

"आलो बाई एकदाचे," आवाज म्हणाला. हातातल्या यंत्रातून. दाराबाहेर आवाज नव्हता. दाराबाहेर फक्त श्वास होता.

"दार उघडता का?"

मास्तर दाराशी होता. कसा पोचला, ठाऊक नाही. उजवा हात कडीवर. दाराला लागूनच उभी काच होती, अरुंद, जमिनीपासून छतापर्यंत. तिच्याकडे मान वळवायची नाही, एवढंच त्याला समजत होतं.

"बसवत नाहीये यांना. उभंही राहवत नाहीये. उघडता का हो?"

बोटं कडीवर. कडी लहानशी. दोन बोटांनी सरकणारी.

इथपर्यंत सांगून मास्तर थांबला होता. मग म्हणाला, "आता हत्ती नव्हते, भावोजी. इतका वेळ हत्ती होते. आता मधे एक कडी होती, आणि ती माझ्या हातात होती."

...

"ऐकताय ना?"

...

"आहात ना तुम्ही आत?"

त्याने बटण दाबलं नाही. श्वाससुद्धा रोखून धरला. बाहेरच्याला श्वास मिळत नव्हता, आणि हा आत स्वतःचा श्वास रोखून उभा.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्या बाई बोलल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाला.

"असू दे. तुमचा तरी काय इलाज? यांना इथेच जरा टेकवते."

खाली काहीतरी जड बसल्याचा आवाज. दाराच्या खालच्या अंगाला.

श्वास. थांबला.

श्वास.

...

श्वास.

......

मग नाही.

उजाडल्यावर मॅनेजर आला तेव्हा मास्तर दाराशी तसाच उभा होता. दोनदा हाका माराव्या लागल्या, मग कडी सरकली. बाहेर कुणी नव्हतं. वाटेच्या दोन्ही अंगांना गवत तुडवून चिखल झालेला, हत्तींची लीद पडलेली. मधली वाट झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ. पाऊल नव्हतं तिच्यावर. कुणाचंच.

मॅनेजरने मास्तरचं तोंड पाहिलं. काय झालं, असं विचारलं नाही त्याने.

"किती वाजता?" एवढंच विचारलं.

"एक दहा."

मॅनेजर पायरीवर बसला. गळ्याचं बटण सोडलं.

"अकरा वर्षं झाली," तो म्हणाला. "रात्रीला मीच होतो. सहा नंबरमध्ये एक जोडपं होतं, बाई शिक्षिका होत्या. एक दहाला त्यांनी बोलावलं. मी 'येतो' म्हणालो. बाहेर पडलो तर ऑफिसच्या दारातच कळप. उजाडेपर्यंत हलला नाही. त्या विचारत होत्या आणि मी येतो म्हणत होतो. येतो, येतो... पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. भिंतीला टेकून बसलेले होते ते."

"आणि बाई? त्याही तेव्हाच...?"

"नाही," मॅनेजर म्हणाला. "त्या आहेत. मुलाकडे असतात. चांगल्या आहेत."

मास्तरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पहिल्या वर्षापासून ऐकू येतं मला ते. हंगामात रात्रीला दुसरा माणूस असतो, त्याला कधी आलं नाही. पाहुण्यांना आलं नाही. मला एकट्याला. दोन वर्षं मी रोज उठून सहा नंबरपर्यंत जायचो. रिकामं. शेवटी राहवेना, म्हणून बाईंचा नंबर मिळवून फोन केला. माफी मागायला. वाटलं, गेल्या असतील त्याही. तर त्यांनीच उचलला. मी कोण ते सांगितलं. मग म्हणाल्या, तुमचा काही दोष नाही, मी आता ठीक आहे. फक्त रात्री झोपेत बोलते म्हणे मी. मुलगा सांगतो. रोज तेच तेच बोलते. सहा नंबर बोलतेय, म्हणते."

"तुम्ही रात्री उत्तर का नाही दिलंत?" मास्तरने विचारलं.

मॅनेजरने आपला वॉकीटॉकी खिशातून काढून त्याला दाखवला. दिवा विझलेला. "रिकाम्या दिवसांत मी बंद करून झोपतो. काल तुम्ही होतात. चालू ठेवायला हवा होता. काल तरी ठेवायला हवा होता... पण नाही झालं माझ्याच्याने."

मास्तर त्याला शिव्या देणार होता. तोंडापर्यंत आल्या होत्या. पण ज्या हाताने कडी धरली होती तो हात अजून सरळ होत नव्हता. कुठल्या तोंडाने देणार?

"आल्या होत्या इथे," तो म्हणाला. "दोघंही. दार उघडा म्हणाल्या."

मॅनेजर झटकन उभा राहिला. "इथे? दाराशी? नाही हो. दाराशी कधीच कुणाच्या..." बोलता बोलता त्याची नजर मास्तरच्या मागे गेली. खाली. आणि तिथेच राहिली.

दाराशेजारच्या काचेवर वाफ धरली होती. तळहाताएवढी. जमिनीपासून दीड हातावर. भिंतीला टेकून कुणी खाली बसलं तर त्याचं तोंड जिथे येईल तिथे. कडेने पातळ, मधे दाट.

मॅनेजरने बाहेरून रुमालाने पुसली. तशीच राहिली. म्हणजे आतून असणार. तो आत गेला, आतून पुसली. दाबून पुसली, ओला रुमाल घेऊन पुसली. मग दोघांनी मिळून पुसली, एकाने आतून, एकाने बाहेरून. काच दोन्हीकडून कोरडी होती, हाताला करकरत होती.

दहा वाजता जीप आली तेव्हा ऊन थेट त्या काचेवर पडलं होतं. ती वाफ तिथेच होती.